मुलांना घेऊन किंग्स्टनला जाताना: जमैकातल्या शाळा आणि माणसं

प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला किंग्स्टनमध्ये तीन वर्षांची नोकरी मिळाली आहे, मुलगी पाचवीत आहे, मुलगा आठवीत. शाळा कशा आहेत, लोक कसे आहेत, बातम्यांत वाचतो तितकं भीतीदायक आहे का, आणि स्वतः गणिताची शिक्षिका असल्यामुळे तिथे शिकवता येईल का. मी जमैकात बरीच वर्षं गणित शिकवलं, आधी क्लॅरेंडन परगण्यातल्या एका सरकारी हायस्कुलात आणि नंतर किंग्स्टनमध्ये. त्या आधारावर सांगते. उत्तर लांबणार आहे ताई, कारण "शाळा चांगल्या आहेत का" असं विचारलं तर तिथला कुणीही आधी "कोणती शाळा?" असंच विचारेल.

मुलीपासून सुरू करते, कारण तिच्या बाबतीत वेळ कमी आहे. जमैकात प्राथमिक शिक्षण सहावीला संपतं आणि तेव्हा प्रत्येक मुलाची पेप नावाची परीक्षा होते. ही २०१९ पासूनची. त्याआधी वीस वर्षं जीसॅट होती आणि त्याहीआधी, १९५७ पासून, कॉमन एन्ट्रन्स. नावं बदलत गेली, काम तेच राहिलं: अकरा-बारा वर्षांच्या मुलाने कोणत्या हायस्कुलात जायचं ते ठरवणं. पालक पसंतीच्या शाळांची यादी देतात आणि शिक्षण मंत्रालय गुण बघून जागा देतं. शिवाय पेप एका वर्षात उरकत नाही. चौथी, पाचवी आणि सहावी अशी ती पसरलेली आहे. तुम्ही पोचाल तेव्हा मुलीच्या वर्गातल्या पोरांचे "एक्स्ट्रा लेसन्स" केव्हाच सुरू झालेले असतील. हे म्हणजे आपले क्लासेसच, बऱ्याचदा त्याच शाळेतल्या शिक्षकांचे, शाळा सुटल्यावर, वेगळे पैसे घेऊन. स्कॉलरशिपच्या वर्षात आपल्याकडे घरात जे वातावरण असतं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की स्कॉलरशिप नाही मिळाली तरी आपल्या मुलाची शाळा बदलत नाही. तिथे सगळंच बदलतं.

सगळं का बदलतं हे समजायला जरा मागे जावं लागेल. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली, पण "उमेदवारी"च्या नावाखाली मळ्यांवरची सक्ती चालूच राहिली. खरी सुटका झाली १८३८ साली. मुक्त झालेल्यांच्या मुलांना शिकवायला पुढे आले ते मुख्यतः बाप्टिस्ट, मेथडिस्ट, मोरेव्हियन मिशनरी. ब्रिटिश सरकारने काही वर्षं अनुदान दिलं आणि मग हात आखडता घेतला. शिक्षक घडवायचं मिको कॉलेज त्याच काळातलं. त्याच्या पैशाची गोष्ट मजेशीर आहे. लेडी मिको नावाच्या इंग्लिश बाईंनी सतराव्या शतकात ठेवलेली ही रक्कम उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांच्या तावडीतून ख्रिस्ती कैदी सोडवण्यासाठी वापरायची होती. तसे कैदीच उरले नाहीत, पैसा व्याजाने वाढत राहिला, आणि दीडशेहून जास्त वर्षांनी तो कॅरिबियनमधल्या मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाकडे वळवला गेला. मिको आजही किंग्स्टनमध्ये आहे आणि तिथल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये मिकोचा एखादा तरी माजी विद्यार्थी भेटतोच.

पण या शाळांतून मिळायचं ते वाचन, थोडं अंकगणित, बायबल आणि मळ्यावर उपयोगी पडेल इतपत शिस्त. वरच्या वर्गाच्या मुलांसाठी वेगळी रांग होती. वुल्मर्स १७२९ ची, सेंट जॉर्जेस कॉलेज १८५० चं, मन्रो त्यानंतर लगेचचं, सगळा थाट इंग्लंडच्या पब्लिक स्कूलांचा. खेड्यातल्या काळ्या मुलाला त्या रांगेत शिरायला एक तर फी लागे, नाहीतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शिष्यवृत्त्यांपैकी एक. १९५७ ला नॉर्मन मॅन्ली यांच्या सरकारने कॉमन एन्ट्रन्स आणून गुणांवर मोफत जागा दिल्या, तर त्या प्रेप म्हणजे खाजगी प्राथमिक शाळांतल्या मुलांनीच जास्त पटकावल्या. मग साठच्या दशकात सत्तर टक्के जागा सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी राखून ठेवाव्या लागल्या. १९७३ मध्ये त्यांचे चिरंजीव मायकेल मॅन्ली यांनी पंतप्रधान या नात्याने माध्यमिक शिक्षण मोफत जाहीर केलं. मधल्या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून देशभर नव्या ज्युनियर सेकंडरी शाळा बांधल्या गेल्या आणि पुढे त्यांच्याच दारावर "हायस्कूल" अशी पाटी लागली.

त्यामुळे आज कागदावर सगळी हायस्कुलं एकच आहेत. प्रत्यक्षात "ट्रॅडिशनल" आणि "नॉन-ट्रॅडिशनल" हे दोन शब्द तुम्ही विमानतळावरून घरी पोचायच्या आत ऐकाल. कॅम्पियन, इमॅक्युलेट, वुल्मर्स, सेंट अँड्र्यू, किंग्स्टन कॉलेज, कॅलबार ही पहिल्या रांगेतली नावं. यांचे माजी विद्यार्थी न्यूयॉर्क, टोरांटो, लंडनमधून शाळेला प्रयोगशाळा बांधून देतात. मी सुरुवातीला शिकवलं ती शाळा दुसऱ्या रांगेतली होती. सातवीच्या वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, आणि त्यांतल्या कित्येकांना प्रश्नपत्रिका नीट वाचता येत नसे. अपूर्णांक शिकवायला मी तयार होते, पण फळ्यावरचं वाक्य वाचून दाखवण्यापासून सुरुवात करावी लागे. हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. समाजशास्त्रज्ञ ऑर्लॅंडो पॅटरसन यांच्या आयोगाने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं की सहावी संपवणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना वाचता येत नाही आणि निम्म्याहून जास्त मुलांना नीट लिहिता येत नाही. माझं मत विचाराल तर दोष मुलांचा नाही आणि मुख्यतः शिक्षकांचाही नाही. सगळी पुढची मुलं वेचून एकीकडे न्यायची, सगळी मागची दुसरीकडे लोटायची, आणि मग दुसऱ्या शाळेचा निकाल का लागत नाही म्हणून विचारायचं, हे दर वर्षी चालतं.

शाळेच्या गणवेशाला तिथे जे महत्त्व आहे तेही यातूनच आलं आहे. मुलगे बहुतेक सगळीकडे खाकी शर्ट-पँटमध्ये. शाळा ओळखायची ती टायवरून, बिल्ल्यावरून, खांद्यावरच्या पट्ट्यांवरून. मुलींचे पिनाफोर मात्र शाळागणिक वेगळे. दुपारी हाफ वे ट्री चौकातल्या बसस्थानकावर उभं राहिलात तर तिथले लोक तुम्हाला रंग बघून पोरींच्या शाळा, आणि शाळेवरून त्यांची पत, सांगतील. सकाळी गेटवर तपासणी असते: स्कर्टची लांबी, बुटांचा रंग, केस. बहुतेक शाळांत कानात एक लहान खडा चालतो, बाकी काही नाही. मेंदी लावून मुलीला पाठवण्याआधी शाळेत विचारा. दिवाळीनंतरच्या सोमवारी उगाच गेटवर वाद नको.

केसांवरून तर तिथे कोर्टकचेरी झाली आहे. पोर्टमोरमधल्या एका प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये लहान मुलीला जटा कापून येण्याची अट घातली. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेची बाजू उचलून धरली आणि देशभर गदारोळ झाला. २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. जटा राखणारे रास्ताफारी पंथाचे लोक लोकसंख्येत फार तर एखादा टक्का असतील, पण जगाला जमैका म्हटलं की तेच दिसतात, आणि त्याच देशात जटांमुळे शाळेच्या दारात अडवलं जातं. याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. तिथे राहिलात की वाटणार नाही. जमैकातला मध्यमवर्ग चर्चला जाणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला, व्याकरणाबद्दल कडक असा आहे. रेगे त्याच्या घरी वाजतो, पण मुलगा मुलाखतीला जाताना कसा दिसला पाहिजे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते.

शाळेचा दिवस "डिव्होशन"ने सुरू होतो. प्रार्थना, एखादं भजन, बायबलमधला उतारा, कधी राष्ट्रगीत. सरकारी शाळेतही. माझ्या वर्गातली हिंदू आणि मुस्लीम मुलं मान खाली घालून शांत उभी राहत आणि कुणी त्यांना काही म्हणत नसे. ख्रिस्ती पंथ इतके आहेत की वर्गातली काही मुलं रविवारी चर्चला जातात, काही शनिवारी. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा मोठा पंथ आहे, शुक्रवारी सूर्यास्तानंतर त्यांची मुलं शाळेच्या कार्यक्रमाला येत नाहीत.

आता भाषा. इथे आपली मुलं खरी गोंधळतात. देशाची अधिकृत भाषा इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. घरी, बाजारात, मैदानावर, बसमध्ये पाट्वा. पाट्वाचे बरेच शब्द इंग्रजीतून आलेले, पण वाक्याची घडण वेगळी, आणि त्या घडणीत पश्चिम आफ्रिकेच्या भाषांचा हात आहे. क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, त्याच्या आधी एक छोटा शब्द येतो. अनेकवचन नामाला प्रत्यय लावून नाही, तर नामानंतर "डेम" लावून होतं. मुलाला वाटतं आपण इंग्रजीच बोलतोय, बाईंना वाटतं तो चुकीचं इंग्रजी बोलतोय, आणि दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायची गरज कुणाच्या लक्षातच येत नाही. गणितात याचा फटका शाब्दिक उदाहरणांना बसतो. माझी पद्धत अशी होती की आधी एखाद्या मुलाने उभं राहून ते उदाहरण पाट्वात सांगायचं, मग सोडवायचं. वर्ग हसायचा, पण उत्तरं बरोबर यायची. काही सहकाऱ्यांना हे अजिबात पसंत नव्हतं.

वाद जुना आहे. लुईस बेनेट, ज्यांना सगळा देश मिस लू म्हणतो, त्यांनी चाळीसच्या दशकापासून पाट्वात कविता लिहिल्या आणि रंगमंचावर सादर केल्या. सुरुवातीला सुशिक्षितांनी नाकं मुरडली. आज त्यांच्या कविता शाळांच्या स्पर्धांत दणक्यात म्हटल्या जातात. वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञांनी २००४ ते २००८ या काळात काही प्राथमिक शाळांत दोन्ही भाषांतून शिकवून पाहिलं. २०१२ मध्ये नवा करार पाट्वात आला. तरीही पालकसभेत "पाट्वातून शिकवू का" असं विचाराल तर गरिबातली गरीब आई आधी नाही म्हणेल. तिला माहीत आहे की तिच्या पोराला नोकरी इंग्रजीवर मिळणार आहे. मराठी शाळांची चर्चा ऐकलेल्या कुणालाही हे निराळं सांगायला नको. तुमच्या मुलांबद्दल म्हणाल तर सहा महिन्यांत ती मैदानावर पाट्वा बोलू लागतील. बोलू द्या. पण नवीन माणसाने, विशेषतः मोठ्यांनी, दोन दिवसांत "या मॉन" करत फिरणं तिथे चेष्टा वाटते.

बोलण्याच्या भाषेपेक्षा तुमच्या वागण्याकडे लोक आधी बघतील. खोलीत शिरताना, दुकानात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं. सगळ्यांना उद्देशून, मोठ्याने. त्याशिवाय थेट प्रश्न विचारलात तर काउंटरवरची बाई तुमच्याकडे बघून सावकाश म्हणेल, "गुड मॉर्निंग," आणि तुम्ही परत म्हणेपर्यंत पुढे काही घडणार नाही. आपल्याकडे ओळख नसलेल्याला असं म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे आपली माणसं तिथे उगाचच उद्धट ठरतात. शिक्षकांना "मिस" आणि "सर", शेजारच्या वयस्क बाईला नावाआधी "मिस" लावून. नुसत्या नावाने हाक मारू नका.

घरं बहुधा बायकांवर चालतात. आई, आजी, मावशी. माझ्या वर्गात अनेक मुलांचे एक किंवा दोन्ही पालक अमेरिका, कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये होते. तिकडून निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांतून कपडे, बूट, तांदूळ, वह्या येत. अशा मुलांना तिथे "बॅरल चिल्ड्रन" म्हणतात. बूट नवे असत, पण पालकसभेला आजी येई आणि तिला मुलाच्या गृहपाठातलं काही कळत नसे. ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, गणवेश-पुस्तकांचा खर्च भागवायला "पार्डनर" उचलतात. ही आपली भिशीच, तंतोतंत, विश्वासावर चालणारी. सरकारची पाथ नावाची योजना गरीब घरांना रोख मदत देते, पण मुलाची हजेरी ८५ टक्के हवी. शुक्रवारी हजेरी घसरते, कारण बसभाडं आठवडाभर पुरत नाही.

मुलग्यांबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण तुमचा मुलगा आठवीत आहे म्हणून सांगते. जमैकात मुली पुढे आहेत, सरळ आणि सगळ्या पायऱ्यांवर. किंग्स्टनमधल्या मोना इथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात दोन तृतीयांशांहून अधिक विद्यार्थी मुली असतात. एरल मिलर या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्येच काळ्या पुरुषाच्या पीछेहाटीबद्दल लिहिलं होतं, आणि त्यावर अजून वाद चालू आहे. वर्गात हुशारी दाखवणं मुलग्यांना कमीपणाचं वाटतं, हे मी रोज पाहिलं. जिथे मुलगे जीव तोडून मेहनत घेतात ते ठिकाण म्हणजे धावपट्टी.

चॅम्प्सबद्दल न सांगता पुढे जाता येणार नाही. शाळांची ही मैदानी स्पर्धा १९१० पासून चालू आहे. मुलींची १९५७ पासून वेगळी होत असे, १९९९ ला दोन्ही एकत्र केल्या. मार्चमध्ये पाच दिवस नॅशनल स्टेडियम भरलेलं असतं, मोठी माणसं आपल्या शाळेच्या रंगाचे शर्ट घालून, ढोल घेऊन येतात, आणि कॅलबार की किंग्स्टन कॉलेज यावर ऑफिसांत पैजा लागतात. शालेय स्पर्धेला इतकी गर्दी मी दुसरीकडे पाहिली नाही. सत्तावीस-अठ्ठावीस लाख लोकसंख्येच्या देशातून जगातले सर्वांत वेगवान धावपटू कसे येतात, त्याची उत्तरं लोक रताळ्यासारख्या कंदांत आणि रक्तात शोधतात. मला तरी उत्तर इथे दिसतं: प्रत्येक शाळेला प्रशिक्षक, प्रत्येक परगण्यात स्पर्धा, आणि पंधराव्या वर्षी भरलेल्या स्टेडियमसमोर धावायची सवय. शिवाय इथे दोन रांगांचा हिशोब चालत नाही. उसेन बोल्ट ट्रेलॉनीमधल्या शेरवुड कॉन्टेंट गावचा, विल्यम निब हायस्कूलचा. व्हेरोनिका कॅम्पबेल क्लॅरेंडनमधल्या वेअर टेक्निकलची. राजधानीतल्या उच्चभ्रू शाळांपेक्षा या शाळा खूप दूरच्या, पण त्या पाच दिवसांत त्यांचं नाव देशाच्या तोंडी असतं. वाईट बाजूही आहे. मोठ्या शाळा खेड्यातले चांगले धावणारे अकरावी-बारावीच्या वयात आपल्याकडे ओढून नेतात, आणि पायाला दुखापत झाली की त्या मुलाच्या अभ्यासाकडे कुणी बघत नाही.

भारतीय म्हणून तुम्ही परक्या वाटणार नाही. १० मे १८४५ ला ब्लंडेल जहाज ओल्ड हार्बर बे इथे लागलं, आणि तेव्हापासून १९१७ पर्यंत छत्तीस हजारांच्या आसपास भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर आले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या वंशजांची हिंदी जवळपास गेली, आडनावं राहिली. करी गोट म्हणजे बोकडाचं मटण मात्र राष्ट्रीय झालं. लग्न असो की मयताच्या नवव्या रात्रीचं जागरण, ते शिजतंच. तिथे बॉम्बे नावाचा आंबाही मिळतो. चांगला असतो, हापूसची आशा धरू नका. आणि क्रिकेटप्रेमी म्हातारा भेटला तर सबाइना पार्कवर १९७१ मध्ये मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी काढलेल्या २१२ धावांचा विषय काढा. तरुणांना मात्र क्रिकेटपेक्षा फुटबॉल प्यारा झाला आहे.

सुरक्षिततेबद्दल. खुनांचा दर अनेक वर्षं जगातल्या वरच्या देशांत होता, हे खरं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आकडे बरेच उतरले आहेत. हिंसा मुख्यतः ठरावीक वस्त्यांत, टोळ्यांच्या आणि जुन्या राजकीय गटबाजीच्या भांडणात होते. कुठल्या भागात जायचं नाही हे शेजारी पहिल्याच आठवड्यात सांगतील, ते ऐका. गणवेशातल्या मुलांना लोक जपतात, टॅक्सीवालाही हटकतो, "शाळेत नाही का गेलास?" तरी मुलीला पहिल्या वर्षी रूट टॅक्सीने, म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या शेअर टॅक्सीने, एकटी पाठवू नका.

आता नेमका सल्ला. मुलीला किंग्स्टनमधल्या चांगल्या प्रेप शाळेत घाला. फी भरावी लागेल, पण वर्ग लहान असतात आणि पेपची तयारी नीट होते. पेप द्यायलाच हवी असं नाही, पण तिला स्थानिक हायस्कुलात जायचं असेल तर द्या, आणि निकालावरून घरात रडारड करू नका, तुम्ही तिथे तीन वर्षंच आहात. मुलासाठी ट्रॅडिशनल शाळेत आठवीच्या मध्ये जागा मिळणं कठीण असतं. मुख्याध्यापकांना थेट भेटा, ते चाचणी घेतील. जागा नसेल तर खाजगी शाळा आहेत, हिलेल अकॅडमी किंवा अमेरिकन इंटरनॅशनल स्कूलसारख्या, पण महाग. नववीत त्याला विषय निवडावे लागतील, कारण अकरावीच्या शेवटी कॅरिबियन परीक्षा मंडळाची सीसेक परीक्षा असते. ती विषयवार असते, एकूण टक्के नसतात, पहिल्या तीन श्रेणी उत्तीर्ण धरतात. तीन वर्षांनी तो नेमका तिच्या आसपास असेल. त्यामुळे ती देऊन परतायचं की आधीच परतायचं हे जाण्यापूर्वी ठरवा, आणि इथल्या मंडळाकडून समकक्षतेचं उत्तर लेखी घ्या.

वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं, चौकशी त्याच्या पाच-सहा महिने आधी करा. मागच्या दोन वर्षांचे निकाल आणि लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीत न्या. चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो. ऑक्टोबर २०२५ च्या मेलिसाने पश्चिमेकडच्या परगण्यांतल्या शाळांचं फार नुकसान केलं, किंग्स्टन त्या मानाने वाचलं. नवऱ्याची बदली माँटेगो बेकडे होण्याची शक्यता असेल तर तिकडच्या शाळांची आजची स्थिती आधी विचारून घ्या.

तुमच्या नोकरीचं: गणित आणि विज्ञानाचे शिक्षक तिथून सतत अमेरिका आणि इंग्लंडला जात असतात, त्यामुळे जागा निघतात. जमैका टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी लागेल आणि वर्क परमिट वेगळं, नवऱ्याच्या परमिटवर नोकरी करता येईल असं धरून चालू नका. बी.एड.ची गुणपत्रिका, विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी भारतातूनच करून न्या, तिकडून मागवायला महिने जातात. आणि पहिली ऑफर नॉन-ट्रॅडिशनल शाळेची आली तर नाही म्हणू नका. तिथे गणिताच्या शिक्षिकेची खरी गरज असते, आणि मुख्याध्यापक पद्धतींच्या बाबतीत मोकळीक देतात.